नॅशनॅलिटीचा कॉलम

या आठवड्यात मी जवळपास अडीच हजार लोकांना भारतीय करून टाकलं. अर्ध्या सेकंदात. चेष्टा नाही, खरंच.

तर झालं असं. आमच्या कंपनीचं एक गेटपासचं सॉफ्टवेअर चाकणच्या एका कारखान्यात चालतं. काही ग्रेट काम नाही. माणूस गेटवर येतो, कार्ड दाखवतो, दांडा वर जातो. त्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस पिंपळे सौदागरहून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा धूर खात चाकणला जातो. ज्यांनी चाकणचा तळेगाव चौक संध्याकाळी सहा वाजता पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिथे गाडीत बसलेला माणूस एक तर शिव्या शिकतो किंवा विचारवंत होतो. माझं थोडं थोडं दोन्ही झालं आहे.

जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचा होता. कंत्राटी कामगारांच्या जुन्या फॉर्ममध्ये दोन शेजारी शेजारी कॉलम होते. एक 'कंट्री' आणि दुसरा 'नॅशनॅलिटी'. टीममधल्या नवीन पोराने विचारलं, "हे दोन्ही सेमच ना? एक ड्रॉप करू?" मी म्हटलं, थांब, आधी आत काय आहे ते बघू.

'कंट्री'मध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. तिथे यादीतून निवडायचं होतं, त्यामुळे सगळीकडे 'इंडिया'. 'नॅशनॅलिटी' मात्र ज्याने त्याने हाताने लिहिलेली. इंडियन, भारतीय, हिंदुस्तानी हे तर होतेच. पण त्याशिवाय बिहारी, ओडिया, झारखंड, मराठी, मराठा, हिंदू, मुस्लिम. एकाने लिहिलं होतं 'लातूर'. एकाने 'वेल्डर'. आणि एकाने नुसतंच 'नाही'.

आम्ही पोट धरून हसलो. मग मी एक अपडेट क्वेरी लिहिली, एंटर दाबलं, आणि सगळे 'इंडियन' झाले. डेटा क्लीन.

परत येताना त्या चौकात अडकलो तेव्हा मात्र हसू जरा ओसरलं. वाटलं, आपण नेमकं काय पुसलं? 'कंट्री' आणि 'नॅशनॅलिटी' खरंच सेम आहे का? देश आणि राष्ट्र एकच का?

(इथून पुढे जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.)

आधी आपल्या शब्दांकडे बघू. मराठीत 'देश' हा काही फार मोठा शब्द नाही. कोकणातला माणूस घाट चढून वर आला की 'देशावर' येतो. देशस्थ म्हणजे या देशावरचा. म्हणजे आपल्यासाठी देश हा मुळात जमिनीचा तुकडा आहे. चढून येता येतो, उतरून जाता येतं. तसाच 'मुलूख'. विजापूरच्या तोफेला आपण मुलूखमैदान म्हणतो (ही तोफ विजापूरला जाण्याआधी आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती, एवढा अभिमान मिरवू द्या). आणि गंमत म्हणजे आज चाकणमध्ये हा शब्द मराठी माणसापेक्षा उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या तोंडात जास्त ऐकू येतो. छठपूजेची सुट्टी मागताना तो म्हणतो, "मुलुक जाना है." त्याचा मुलूख म्हणजे त्याचा जिल्हा. भारत नव्हे.

'राष्ट्र' हा शब्द मात्र आपण सहसा रोजच्या बोलण्यात वापरत नाही. तो भाषणात येतो, २६ जानेवारीला येतो, आणि आपल्या राज्याच्या नावात येतो. 'मी राष्ट्रावर चाललोय' असं कोणी म्हणत नाही. राष्ट्रावर जाता येत नाही, कारण ती जागाच नाही.

आमच्या ऑफिसात मागे कोणीतरी प्रेझेंटेशनमध्ये म्हटलं होतं की देश म्हणजे हार्डवेअर आणि राष्ट्र म्हणजे सॉफ्टवेअर. टाळ्या पडल्या. मला काही ते पटलं नाही. सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून टाकता येतं हो! राष्ट्र असं टाकता आलं असतं तर माझी क्वेरी पुरेशी होती.

आता माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. परंडा तालुक्यातलं गाव. तात्या १९२५च्या सुमाराचे. ऐन तारुण्यात ते बैलगाडीत ज्वारी घालून बार्शीच्या बाजारात जायचे. अंतर काही फार नाही. पण परंडा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम्स. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. मामाच्या गावाला जायचं तरी माणूस एका अर्थाने परदेशी जात होता.

मग १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली आणि तात्या भारतात आले. आले म्हणजे, कुठे गेले नाहीत, त्याच ओसरीवर बसले होते. १९५६ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी तात्या महाराष्ट्रात आले. ओसरी तीच. आता तर जिल्ह्याचं नावही उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण ते बघायला तात्या नव्हते. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, "गाव काय हाललं न्हाई बाबा. राज्यंच हालली."

तुम्ही म्हणाल ही मराठवाड्याची खासियत. नाही. चाकणच्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून स्कोडा गाड्याही बाहेर पडतात. स्कोडाचं मूळ गाव म्लादा बोलेस्लाव. तिथे १८९५ साली दोघांनी सायकलचा धंदा सुरू केला तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. १९१८ला ते चेकोस्लोव्हाकियात आलं. १९३९ला हिटलरच्या ताब्यात गेलं. १९४५ला परत चेकोस्लोव्हाकिया. आणि १ जानेवारी १९९३ला चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले, तेव्हापासून चेक प्रजासत्ताक. त्या गावातल्या एखाद्या दीर्घायुषी आजोबांनी घर न बदलता किती देश पाहिले असतील, मोजा. तात्यांची आणि त्यांची भेट झाली असती तर दोघांचं छान जमलं असतं.

यातला मुद्दा साधा आहे. देश एका दिवसात बदलतो. तह होतो, फौज येते, रेघ ओढली जाते, गॅझेट निघतं. म्हणजे तीही एक अपडेट क्वेरीच. (लाखो माणसांच्या आयुष्याची उलथापालथ करणारी, पण क्वेरीच.) त्या क्वेरीने तात्यांचा 'कंट्री' कॉलम बदलला. 'नॅशनॅलिटी' बदलली का? बार्शीचा व्यापारी त्यांना नाका होता तेव्हाही 'आपला' वाटायचा आणि नाका गेल्यावरही.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. त्यासाठी चाकणहून परत पिंपरीला या.

पिंपरी कॅम्प आपल्याला कपड्यांसाठी आणि दिवाळीच्या खरेदीसाठी माहीत असतो. 'कॅम्प' हा शब्द कुठून आला याचा विचार मी तरी कित्येक वर्षं केला नव्हता. तो लष्कराचा कॅम्प नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती छावणी. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, म्हणजे अर्धा तुकडा तरी भारतात राहिला. सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना इकडे 'आपलं राज्य' म्हणून बोट दाखवायला एक एकर जमीनही मिळाली नाही. कल्याणजवळच्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि पिंपरीच्या छावणीचा पिंपरी कॅम्प.

तात्यांचं गाव जागेवर राहिलं आणि देश बदलला. या लोकांचा देश जागेवर राहिला आणि तेच हलले. जमीन गेली, तरी सिंधी असणं गेलं नाही. भाषा राहिली, चेटीचंड राहिला, कढी राहिली. १९६७मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. तोवर त्यात चौदा भाषा होत्या, ही पंधरावी, आणि मागे स्वतःचं राज्य नसतानाही आली. राष्ट्रगीतातला 'सिंध' शब्द काढून टाका, तो भाग आता भारतात नाही, अशी मागणी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. २००५मध्ये कोर्टाने ती फेटाळली. देशाच्या नकाशात सिंध नाही. राष्ट्राच्या गीतात आहे. फरक समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते एवढं एक उदाहरण पुरे.

मग राष्ट्र म्हणजे नक्की काय? एक भाषा? स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा आहेत आणि त्यांचं उत्तम चाललंय. एक धर्म? पाकिस्तान धर्मावर उभा राहिला आणि १९७१मध्ये बंगाली भाषकांचा बांगलादेश त्यातून बाहेर पडला. पंचवीस वर्षंसुद्धा धरलं नाही. एक सरकार? कोरियाची १९४८पासून दोन सरकारं आहेत, जर्मनीची १९९०पर्यंत दोन होती, पण जर्मन माणूस जर्मनच राहिला. म्हणजे भाषा, धर्म, सरकार, जमीन, यातलं एकही पुरेसं नाही.

एर्नेस्त रेनाँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने १८८२ साली पॅरिसमध्ये याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: राष्ट्र वंशाने, भाषेने किंवा डोंगर-नद्यांनी बनत नाही. एकत्र सोसल्याच्या आठवणी आणि पुढेही एकत्र राहायची इच्छा, यांनी बनतं. आणि ही इच्छा एकदाच सांगून भागत नाही, ती रोज सांगावी लागते.

आपल्याकडे हे आणखी रोखठोकपणे सांगितलं बाबासाहेबांनी. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं त्यांचं शेवटचं मोठं भाषण. सगळे आनंदात, घटना तयार झालेली. आणि हा माणूस उभा राहून सांगतो की आपण राष्ट्र आहोत हा आपला भ्रम आहे. हजारो जातींत वाटले गेलेले लोक राष्ट्र कसे असतील? आपण अजून राष्ट्र नाही हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं, तरच ते बनवायची गरज पटेल. १९४९मध्ये देश तयार होता बरं का! सीमा होत्या, फौज होती, चलन होतं. घटनाही दुसऱ्याच दिवशी मंजूर झाली. तरी ते म्हणाले, राष्ट्र बाकी आहे.

घटनेची उद्देशिका नीट वाचली तर दिसतं की 'राष्ट्र' हा शब्द तिथे 'बंधुता'च्या ओळीत येतो. न्यायाच्या नाही, स्वातंत्र्याच्या नाही, समतेच्याही नाही. न्याय कोर्ट देऊ शकतं. समता कायद्यात लिहिता येते. बंधुता कोणी कोणाला जीआर काढून देऊ शकत नाही.

इथपर्यंत सगळं पुस्तकी झालं. आता जरा अवघड भाग.

२०२०. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीच्या गॅलऱ्यांमध्ये थाळ्या वाजल्या. मीही वाजवली. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे घालवून पणत्या लावल्या. अख्खी सोसायटी अंधारात, गॅलरीत पणत्यांची रांग, खाली कोणीतरी घोषणा देत होतं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. वाटलं, हेच ते राष्ट्र.

आमच्या कंपाउंडला लागून एका बिल्डिंगचं काम चालू होतं. पत्र्याच्या खोल्यांमध्ये वीस-बावीस कामगार अडकलेले, बहुतेक झारखंडचे. ठेकेदाराचा फोन बंद. त्यांचा टँकर यायचा थांबला. त्यातला एक जण आमच्या गेटवर येऊन वॉचमनला म्हणाला की दिवसातून दोनदा पाणी भरू द्या. हा विषय सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. ज्यांनी पणत्यांचे फोटो टाकले होते त्यांनीच लिहिलं, "रिस्क कशाला?" "त्यांचा ठेकेदार बघेल." "उद्या यांची सवय होईल." एकाने लिहिलं, "आपल्या लोकांचं आधी बघू." त्याला पंधरा अंगठे.

मी काय केलं? काही नाही. वाचलं आणि फोन उपडा ठेवला. मी विरोधात लिहिलं नाही, पण बाजूनेही लिहिलं नाही. ज्या माणसाचे वडील १९७२च्या दुष्काळाने परंड्याहून उठून चिंचवडला आले आणि चाळीच्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहिले, त्या माणसाने.

मी वडिलांना फोन केला तेव्हा सहज हे बोललो. ते काही बोलले नाहीत. तासाभराने त्यांचाच फोन आला. पिंपरी कॅम्पातल्या त्यांच्या ओळखीच्या सिंधी काकांशी ते बोलले होते. हे काका सात वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईला उतरले, तिथून पिंपरीला. कॅम्पात त्यांचं किराणा दुकान. १९७३मध्ये माझ्या वडिलांना या शहरात पहिली उधारी त्यांनीच दिली, ना गाव माहीत, ना जात विचारली. तर काकांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: माणसं किती, आणि शिजवायला भांडी आहेत का? दुसऱ्या दिवशी पोलिसांची परवानगी काढून त्यांच्या मुलाने तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणून दिलं. फुकट नाही. खरेदीच्या भावात, अर्धे पैसे वडिलांनी दिले, उरलेले मी. पाण्याचा पाइप मग मीच कंपाउंडवरून टाकला. सेक्रेटरींनी नोटीस दिली, ती अजून माझ्याकडे आहे.

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. उशीर झाला होता, आणि लाज वाटल्यामुळे केलं. सांगायचं कारण वेगळं आहे. पणत्यांच्या रांगेत मला जे राष्ट्र दिसलं होतं, ते चार दिवसांनी पाण्याच्या एका पाइपावर फाटलं. आणि ज्याच्याकडे स्वतःचा 'देश' उरला नव्हता, त्या म्हाताऱ्याने ते दोन प्रश्नांत शिवलं.

पहिली श्रमिक स्पेशल सुटली १ मे २०२०ला. त्याच दिवशी महाराष्ट्राला साठ वर्षं झाली. आमच्या शेजारचे लोक मेच्या मध्यावर गेले. त्याआधी ८ मेला जालन्याहून रुळावरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते. दमून रुळावर झोपले होते. परराज्यातून ठेकेदारामार्फत येणाऱ्या कामगारांची नोंद व्हावी, त्यांना प्रवासभत्ता मिळावा, असं सांगणारा १९७९चा कायदा तेव्हा लागू होता. म्हणजे देशाने आपला कागद चाळीस वर्षांपूर्वीच तयार ठेवला होता. कागद होता, त्या कागदावरच्या माणसाला 'आपला' म्हणणारं कोणी नव्हतं. देश असून राष्ट्र नसतं तेव्हा काय होतं, ते हे.

आता तुम्ही म्हणाल, परप्रांतीयांचा एवढा पुळका, मग इथल्या पोरांचं काय? रास्त प्रश्न आहे, टाळणार नाही. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे इथल्या गाववाल्यांच्या जमिनींवर कारखाने उभे आहेत. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात असं राज्याचं धोरण कागदावर आहे. तरीही आयटीआय झालेलं गावातलं पोरगं नोकरी मागायला गेलं की त्याला तोंडावर नाही तर मागून ऐकू येतं, "लोकल नको, नाटकं करतात." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आणि लोकल म्हणजे कोण? आमच्या वडिलांना इथे 'मराठवाड्याचे' म्हणून खोली नाकारली गेली होती. आता त्याच मराठवाड्याची मुलं 'भैयां'ना खोली नाकारतात. प्रत्येक जण आपल्या मागून आलेल्याला बाहेरचा म्हणतो.

पण 'लोकल नको' याचा अर्थ नीट लावा. लोकल पोराच्या मागे गाव असतं. त्याला लागलं, पगार अडला, तर चार माणसं गेटवर येतात. बाहेरून आलेल्याच्या मागे इथे कोणीच नसतं. म्हणून तो स्वस्त पडतो. तो बिहारचा आहे म्हणून नाही. तो एकटा आहे म्हणून. त्याच्या एकटेपणाचे पैसे कोणीतरी खातंय, आणि त्याच एकटेपणामुळे गावातल्या पोराची नोकरी जातेय. म्हणजे त्याला 'आपल्यात' घेणं ही भूतदया नाही. त्यात आपलाही रोकडा फायदा आहे.

आपल्या भाषेत एक फार भारी सोय आहे, इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं तर समोरच्याने समजून घ्यायचं की तू नाहीस. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तोही त्यात आला. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे त्यांना राष्ट्र समजावून सांगायला जाडजूड पुस्तकं लिहावी लागतात! आपलं काम एका वाक्यात होतं. देश 'आम्ही'वर चालतो: आमची सीमा, आमचा पासपोर्ट, इकडचे आम्ही आणि तिकडचे तुम्ही. आणि त्याला इलाज नाही, रेघ असली की असंच असणार. पण रेघेच्या आतल्या माणसाशी बोलताना तोंडातून 'आपण' निघतं की नाही, त्यावर राष्ट्र आहे की नाही ते ठरतं. ग्रुपवर त्या माणसाने लिहिलं होतं 'आपल्या लोकांचं आधी बघू'. शब्द 'आपल्या' होता. अर्थ 'आमच्या' होता.

मला देशाचा कॉलम कमी लेखायचा नाही. देश नसला तर काय होतं ते पिंपरी कॅम्पातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि देशाने नीट काम केलं तर राष्ट्राला मदतच होते. झारखंडचं रेशन कार्ड आज चाकणच्या दुकानात चालतं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. त्या योजनेला इंग्रजीत 'वन नेशन' म्हणतात आणि मराठीत 'एक देश'. मराठी नाव जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत. धान्य देश देईल. ते घ्यायला रांगेत उभ्या असलेल्याला पुढचा माणूस 'हा कुठून आला' म्हणून बघतो की 'या, इथे उभे राहा' म्हणतो, तिथून पुढचं काम आपलं.

असो. तर त्या डेटाचं काय झालं? 'नॅशनॅलिटी' कॉलम शेवटी ठेवला, क्लायंटला हवा होता. सगळे 'इंडियन'. पण काल टेस्टिंग करताना शेवटचा एक कॉलम तपासायचा राहिला होता: 'अपघात झाल्यास स्थानिक संपर्क'. माझ्या स्क्रिप्टने एरर दिला. एकच नंबर शेकडो वेळा. मला वाटलं डेटा करप्ट झाला. नव्हता झाला. तो ठेकेदाराचा नंबर होता. शेकडो माणसं, आणि आणीबाणीला कळवायला अख्ख्या चाकणमध्ये एकाच्याही ओळखीचं दुसरं कोणी नाही. खरा नॅशनॅलिटीचा कॉलम हा होता, आणि आम्ही भलत्यावर हसत बसलो होतो.

संध्याकाळी गेटवर टेस्टिंगसाठी एका पोराचं कार्ड नव्याने बनवत होतो. वेल्डर, चोवीस-पंचवीसचा. त्या रकान्यापाशी तो अडला. म्हणाला, "साहब, ठेकेदार का नंबर बंद रहता है. किसका डालूँ?" मी एक क्षण थांबलो. खोटं कशाला बोलू, मनात आलंच, रात्री-अपरात्री फोन आला तर? नसती कटकट. मग माझा नंबर सांगितला.

त्याने लगेच मिस्ड कॉल दिला, बरोबर आहे का बघायला. नंबर सेव्ह केला आहे.